चाकूरच्या नाल्यातली मोटार

साखराबाई किशनरावांच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात दगड होता. तो बघून मलप्पा खुर्चीतून उठले ते थेट भिंतीला जाऊन टेकले.

"मारायला न्हाई आणला, अण्णा," ती म्हणाली. "रात्री आमच्या दारातनं आत आला. लेकराच्या उशाशी पडला. साहेबांना दाखवावा म्हनून आणला."

किशनरावांनी दगड हातात घेतला, वजन केलं आणि टेबलावर ठेवला. मग तिला बसायला सांगून तांब्यातलं पाणी पुढं केलं. लातूर नवा जिल्हा झाला होता, कलेक्टर कचेरीवर नवी पाटी चढली होती, पण नळाला पाणी येत नव्हतं. टँकरच्या रांगेत मिळालेलं पाणी परक्याला देणं ही त्या उन्हाळ्यात लहान गोष्ट नव्हती. साखराबाईने दोन घोट घेतले आणि उरलेलं जपून खाली ठेवलं.

किशनराव पूर्वी विमा कंपनीसाठी मोटार अपघातांची चौकशी करत. नोकरी सुटली तरी नाक सुटलं नव्हतं, म्हणून आता घरीच बसून खासगी तपास करत. खिशात सदा गूळ-शेंगदाणे. मलप्पा त्यांचे शेजारी आणि मित्र. कापडाचं दुकान चांगलं चालायचं, पण धीर हा माल त्यांच्या दुकानात कधीच शिल्लक नसायचा. त्यातून आज त्यांची अवस्था फारच वाईट होती. डाळमिलचे मालक बसलिंगप्पा यांच्या समाधीत त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने माती लोटली होती. आणि बसलिंगप्पांना मारल्याचा ठपका जिच्या नवऱ्यावर होता, ती बाई समोर बसली होती.

"माझा नवरा ग्यानोबा शेटची गाडी चालवतो," साखराबाई सांगू लागली. "परवा भोकरहून येताना चाकूरच्या अलीकडं गाडी पुलावरनं नाल्यात गेली. शेट गेले. शेटचा भाचा शिवप्पा म्हनतो, ग्यानोबा डुलकी लागून गाडी घालवला आन् पळून गेला. ह्यांचं म्हननं हाय, गाडी शिवप्पाच चालवत हुता."

"मग पळाला का?"

तिने मान खाली घातली. "पळाले, ते खरं. सांजच्याला सोता ठाण्यात गेले. पण आता कोन ऐकतंय? उद्या त्यांना लातूरच्या कोर्टात आणणार हायत. मिलमधले लोक म्हनून राहिले, कोर्टापर्यंत पोचू देत न्हाई. सोडवा, साहेब. कोर्टातनं सोडवा न सोडवा, पण जित्ता तरी सोडवा."

ती गेल्यावर मलप्पांनी दार लावून घेतलं.

"किशनराव, ह्याच्यात पडू नका. आमच्या समाजातलं मोठं घर हाय ते. शिवप्पाला सगळे मानतात. आन् मी तुमच्याबरोबर दिसलो तर उद्या माझ्या दुकानावर असाच दगड येईल."

"तर मग तुम्ही त्या दगडाचं माप घेऊन ठेवा, कापडासारखा कापून देता येईल," किशनराव म्हणाले. "बसा. तुम्ही परवा चाकूरला गेला होतात ना? शेटजींना पाहिलंत?"

"पाहिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवलेलं, डॉक्टर यायच्या आधी." मलप्पांचा आवाज खाली आला. "डोक्याला ओरखडासुद्धा नव्हता. उजवा हात खांद्यापासून मोडून लोंबत होता. मांडी फाटलेली, धोतर सगळं रक्तानं कडक झालेलं. पण चेहरा काय शांत! कपाळाला भस्म, डाव्या हातात लिंग. जलमभर पूजा केल्याचं फळ, दुसरं काय. भस्माचे वरचे दोन पट्टे पांढरेफेक. खालचा तेवढा लाल, जरा रुंद. रक्तच लागलं असणार. असं रस्त्यावर मरण येऊनसुद्धा आमच्या मानसासारखा गेला, किशनराव."

किशनरावांचा हात खिशातल्या शेंगदाण्यांवर थांबला.

"लिंग तर तुम्ही गळ्यात घालता. हातात का?"

"जाताना हातात देतात. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला भस्म आणि कानात मंत्र. शेवटचा श्वास चालू असतो तेव्हाच. हे तुम्हाला म्हाईत न्हाई?"

"मला माहीत असायचं कारण काय? मी माळकरी," किशनराव म्हणाले आणि चपला शोधू लागले. "चला, चाकूरची एसटी आहे."

मलप्पा का निघाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी एकटं बसण्यापेक्षा किशनरावांबरोबर घाबरणं बरं, एवढाच हिशेब.

एसटीभर मलप्पांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. बाहेर बघण्यासारखं होतं तरी काय? काळी रानं भेगाळून पडलेली, बाभळीखाली हाडं वर आलेली जनावरं, आणि दूर कुठे रोजगार हमीच्या कामावर मुंग्यांसारखी माणसं. गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली. दुपारी या रस्त्यावर कुणी मेलं तरी कुणाला कळायचं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि मग ते काही केल्या जाईना.

चाकूर ठाण्याचा भुजंग हवालदार त्यांना पुलापाशी घेऊन गेला. पांढरी मोटार कोरड्या नाल्यात नाक खुपसून पडली होती. पुढची काच पार फुटलेली, डाव्या बाजूचा पत्रा आत दुमडलेला. मागच्या काचा मात्र साऱ्या शाबूत. मलप्पा आत डोकावले आणि झटकन मागे सरले.

"स्टेरिंगवर रक्त हाय," ते कुजबुजले.

"हाय ना," भुजंग म्हणाला. "डायवरचं."

"पहिल्यांदा इथं कोण आलं?" किशनरावांनी विचारलं.

"मी आन् एक शिपाई. शिवप्पाशेट ठाण्यात पळत आले, घामाघूम. मामा जित्ते हायत, बोलून राहिले, डॉक्टर घेऊन चला म्हनाले. आमी तसेच निघालो. पण उपयोग न्हाई झाला. शेट गेलते. काठाला टेकून बसवलेले, हातात लिंग. शिवप्पाशेट वर रस्त्यावरच थांबले. मला बघवत न्हाई म्हनले, खाली उतरलेच न्हाईत."

"तुमच्या समोर त्यांनी मामांना हात लावला?"

"न्हाई. दवाखान्यात नेईस्तोवर आमीच हुतो."

"शिवप्पांना काय लागलं होतं?"

"उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कापलं हुतं. ठाण्यात आले तवाच उपरणं फाडून चिंधी बांधलेली, ती बी रक्तानं भिजलेली. आमच्या डॉक्टरनं मग नीट पट्टी केली." भुजंगाने सुस्कारा सोडला. "त्येच डॉक्टर म्हनले बघा, शेटच्या मांडीला कुणी वेळेवर आवळून फडकं बांधलं असतं, तर मानूस वाचला असता."

किशनरावांनी मान हलवली आणि ठाण्याची वाट धरली.

ठाण्याच्या कोठडीत ग्यानोबा पाय पुढे पसरून बसला होता. चांगला उंचापुरा गडी, पण दाराचा आवाज झाला तसा डोकं दोन्ही हातांत लपवून घेतलं. कुणी मारायला आलं असंच वाटलं त्याला. अंगावर कुठे कापल्याची खूण नव्हती, फक्त खांद्याला मुका मार आणि दोन्ही तळपाय फोडांनी भरलेले.

"गाडी नाल्यात गेल्यावर पहिल्यांदा काय केलंस?" किशनरावांनी विचारलं.

"शेटला बाहेर काढलं. मी आन् शिवप्पाशेटनं. शेट पुढं बसले हुते, शिवप्पाशेट चालवत हुते, मी मागं. शेटला काठाला टेकवलं. मी पटका सोडून मांडीला बांधाय लागलो, तर शिवप्पाशेट म्हनले, 'अरे पळ! गावचे लोक येतेत. गेल्या म्हैन्यात त्या ट्रकवाल्याला जाळलं, ठाऊक हाय ना? डायवर म्हनून तुलाच धरतील. मी करतो सगळं, डॉक्टर आणतो. तू पळ.'" ग्यानोबाने पाय जवळ ओढून घेतले. "मी पळालो, साहेब. चपला गाडीत, पटका तितंच. उन्हात अनवाणी पळालो. शेटनं हाक मारली. मला ऐकू आली. तरी पळालो."

"भोकरला शेट कशाला गेले होते?"

"तितं त्यांच्या चुलतभावाचा नातू हाय. त्याला दत्तक घेणार हुते. मुहूर्त काढून आले. वाटेत त्याच्यावरनंच दोघांचं वाजलं. शिवप्पाशेट रागानं गाडी हाणीत हुते."

परतीच्या वाटेवर मलप्पा म्हणाले, "गरीब दिसतो, पण पळाला तर हायच. शिवप्पा बिचारा डॉक्टर आणायला तरी गेला."

"मलप्पा, माणूस अपघाताआधी काय करत होता हे सगळेच विचारतात," किशनराव म्हणाले. "अपघात झाल्यावर पहिल्यांदा काय करतो, त्यात तो उघडा पडतो. उद्या सकाळी शेटजींच्या घरी जायचं. फौजदारांनाही बोलावतो. तुम्ही फक्त मी विचारीन तेवढं खरं सांगा."

"सगळ्यांच्या समोर?"

"सगळ्यांच्या समोर."

त्या रात्री मलप्पांना जेवण गेलं नाही.

सकाळी बसलिंगप्पांच्या घरापुढे मिलचे लोक जमले होते. काहींच्या हातात काठ्या होत्या. ग्यानोबाला दुपारच्या गाडीने आणणार, ही बातमी सगळीकडे झाली होती. गर्दीतून वाट काढताना मलप्पांना कुणीतरी नावाने ओळखलं आणि विचारलं, "अण्णा, तुमी कुणाकडून?" मलप्पा टोपी डोळ्यांवर ओढून आत शिरले.

आत सोप्यात शेटजींच्या पत्नी उमादेवी भिंतीशी बसल्या होत्या. फौजदार एका खुर्चीवर. शिवप्पा पुढे आला, मलप्पांना हात जोडून "शरणार्थ" म्हणाला. देखणा, ठेंगणा तरुण. डोळे रडून सुजलेले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मलप्पांना कळत होतं. त्याच्या कपाळावर भस्माचे दोनच पट्टे होते. उजव्या हाताच्या बोटाला जाड पट्टी असल्यामुळे तिसरा उमटला नसावा. दुःखात माणसाला कुठलं भान, असं मलप्पांना वाटलं.

"विचारा काय ते," शिवप्पा म्हणाला. "पण बाहेर लोक तापलेत. लवकर विचारा."

"तुम्ही गाडीत कुठे बसला होता?"

"मागं. मामा पुढं, ग्यानोबा गाडी हाकत हुता."

"बोट कशाने कापलं?"

"काच. काच फुटली ना."

"गाडी पडल्यावर पहिल्यांदा काय केलंत?"

"पहिल्यांदा?" शिवप्पा थांबला. "मामाला बाहेर काढलं. ग्यानोबा पळाला. मामा बोलत हुते, शुद्धीवर हुते. मी म्हनलो, डॉक्टर घेऊन येतो. तसाच चाकूरला पळत सुटलो. आलो तवर मामा..." त्याने तोंड फिरवलं.

"बोट कधी बांधलं?"

"पळता पळता. वाटेत."

किशनराव उमादेवींकडे वळले. "बाई, मी जे बोलणार आहे ते तुमच्या घरात बोलू नये असं आहे. परवानगी द्या."

त्या बाईंनी फक्त मान हलवली.

"मागच्या काचांपैकी एकही फुटलेली नाही," किशनराव म्हणाले. "फुटली ती पुढची. मागं बसलेल्याचं बोट त्या काचेने कसं कापलं? स्टेअरिंगवर रक्त आहे. ग्यानोबाच्या अंगाला कुठे कापलेलं नाही. शेटजी डाव्या बाजूला होते. मग स्टेअरिंग धरलेला रक्ताळलेला हात कुणाचा?"

"मी मामाला काढताना लागलं असंल," शिवप्पा म्हणाला. आवाज जरा चढला होता.

"असेल. ते सोडू. गाडी कुणीही चालवत असो, अपघात हा अपघातच. त्यासाठी मी इथे आलो नसतो. मलप्पा, शेटजींच्या हातात काय होतं?"

मलप्पांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी काठी जमिनीवर आपटत होतं. "लिंग," ते म्हणाले.

"तुमच्यात ते हातावर कधी ठेवतात?"

"जाताना." आणि तो शब्द बोलता बोलता मलप्पांना पहिल्यांदा कळलं आपण काय बोललो ते. परवापासून ज्या गोष्टीला ते पुण्य म्हणत होते, ती डोळ्यांसमोर होती आणि त्यांना दिसली नव्हती. रोजचा उंबरा कोण न्याहाळतो? "शेवटच्या श्वासाला," ते पुटपुटले.

"शेटजींनी स्वतः घेतलं असेल?"

"उजवा हात मोडला हुता. एका हातानं गळ्यातली करडगी उघडून लिंग काढता येत न्हाई. आन् भस्मसुद्धा..." ते थांबले.

"ग्यानोबाने ठेवलं असेल?"

"दुसऱ्याच्या लिंगाला आमच्याबाहेरचं मानूस हात लावत न्हाई. त्याला रीतही म्हाईत न्हाई."

"भुजंग हवालदार पोचले तेव्हा लिंग हातात होतं," किशनराव म्हणाले. "त्यानंतर शिवप्पा मामांजवळ गेलेच नाहीत, वर रस्त्यावर उभे राहिले. म्हणजे हे त्याआधी झालं. आणि जिवंत, बोलत्या माणसाला सोडून डॉक्टर आणायला धावणारा हे करत नाही. हे करणारा शेवटच्या श्वासापर्यंत तिथेच बसून होता."

"कुणी वाटसरू असंल! आमच्यातला कुणी जंगम!" शिवप्पा ओरडला.

"तेही मनात आलं होतं. पण मलप्पांनी आणखी एक पाहिलंय. भस्माचे तीन पट्टे. दोन पांढरे, खालचा लाल आणि रुंद. कपाळाला तर जखमच नव्हती. मग रक्त आलं कुठून? तीन बोटांनी भस्म ओढलं तर खालचा पट्टा करंगळीशेजारच्या बोटाचा पडतो. आज तुमच्याच कपाळावर तो पट्टा नाही, शिवप्पा, कारण त्या बोटाला पट्टी आहे. त्या दिवशी त्याच बोटाला रक्तानं भिजलेली चिंधी होती. म्हणून पट्टा लाल, आणि म्हणूनच रुंद."

फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली.

"त्या रुंद पट्ट्याने बाकीचं सांगितलं," किशनराव हळू आवाजात म्हणाले. "भस्म लावताना चिंधी बोटावर होती. म्हणजे ती वाटेत पळताना बांधली नाही. मामांचा श्वास चालू असतानाच बांधली. ग्यानोबा मांडीला पटका बांधत होता, त्याला जाळण्याची भीती घालून तुम्ही घालवलंत. मग उपरणं फाडलंत, आपलं बोट बांधलंत आणि शेजारी बसून राहिलात. दत्तक झाला असता तर मिल त्या पोराला गेली असती; त्या मुहूर्ताआधी मामा जायला हवे होते. अपघाताने दिलेली संधी होती, तुम्ही फक्त काहीच केलं नाही. पण लहानपणापासून ज्याने वाढवलं त्याला लिंगाविना जाऊ द्यायला तुमचा जीव धजला नाही. तेवढं एक केलंत. ते केलं नसतंत, तर मला काहीच सिद्ध करता आलं नसतं."

शिवप्पा मटकन खाली बसला. मलप्पांना त्याची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती या गोष्टीची वाटली की लिंग हातात ठेवणारा तो हात त्यांना खोटा वाटत नव्हता.

उमादेवी उठल्या. भिंतीला धरून त्याच्यापर्यंत आल्या.

"पाणी मागितलं का रे त्यांनी?"

"मागितलं."

"दिलंस?"

"दिलं, मामी. गाडीतल्या पाण्याच्या छागलीतलं. मांडीवर डोकं घेऊन दिलं." तो हुंदके देऊ लागला. "मंत्रसुद्धा कानात म्हनलो."

"सगळं केलंस," त्या म्हणाल्या. "मग उपरणं फाडलंच हुतं, तर त्यातलं एक फडकं मांडीला का न्हाई बांधलं रे?"

फौजदारांनी त्याला दंडाला धरून उठवलं, तेव्हाही उमादेवी तिथेच उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

बाहेरच्या लोकांना सांगायला मलप्पाच गेले. किशनरावांनी सांगितलं नव्हतं. आवाज चिरकत होता, पण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, कारण आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय हे लोक काठ्या खाली ठेवणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. एकाने त्यांच्या अंगावर थुंकल्यासारखं केलं. बाकीचे हळूहळू पांगले.

दुपारच्या गाडीतून ग्यानोबा उतरला तेव्हा स्टँडवर साखराबाईखेरीज कुणी नव्हतं. जामिनाचं सगळं फौजदारांनी सांभाळलं. संध्याकाळी दोघं किशनरावांकडे पाया पडायला आले. फोडांमुळे ग्यानोबाला उंबरा ओलांडता येईना, म्हणून तो पायरीवरच बसला.

"साहेब, एक विचारू?" तो म्हणाला. "मी पळालो न्हाई असतो आन् पटका बांधला असता, तर शेट वाचले असते का?"

मलप्पांनी मान खाली घातली. चाकूरच्या डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानात होतं. आणि एवढ्या वर्षांत किशनरावांना खोटं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, ना पोलिसांशी, ना कंपनीशी, ना मित्रांशी.

किशनरावांनी खिशातले शेंगदाणे काढले आणि ग्यानोबाच्या ओंजळीत घातले.

"नाही," ते म्हणाले. "जखम फार मोठी होती. खा."